पहारा आणि उत्तरदायित्व



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी आपल्या वकिलीच्या दीर्घ कालखंडात फौजदारी कोर्टाच्या पायऱ्यांवर अशी असंख्य माणसे पाहिली की, ज्यांना गुन्हेगाराचे भय वाटत होतेच, परंतु ते भय सांगावयास ज्या ठाण्यात जावयाचे त्या ठाण्याचेही तितकेच भय वाटत होते; आणि या दुहेरी भयातून सामान्य माणसाची मुक्तता कशी व्हावी, हा त्यांच्या चिंतनाचा विषय अखेरपर्यंत राहिला. त्यांच्या स्मृतीस शोभेल असा विषय निवडावयाचा तर पोलिस आणि प्रजा यांच्या संबंधात काळानुसार जी स्थित्यंतरे झाली त्यांचाच विचार करणे उचित होईल, असे मला वाटले.

या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा संख्याबळ, शस्त्रे, वाहने आणि अलीकडे चौकाचौकांत बसलेले कॅमेरे यांच्या अंगाने होते. ती अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या साऱ्या साधनांच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. रक्षण करणारा माणूस ज्यांचे रक्षण करतो त्यांना ओळखतो काय, हा पहिला; आणि आपल्या कृत्याचा जाब तो कोणाला देतो, हा दुसरा. महाराष्ट्राच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहता मला असे दिसते की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने दिले, क्वचित फार चांगलेही दिले. पण दुसऱ्या प्रश्नाचे न्याय्य उत्तर अद्याप पूर्णपणे दिलेले नाही, आणि ते दिल्यावाचून पहिल्याचे उत्तर टिकत नाही. एवढे एकच प्रमेय मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

१

इंग्रजी अंमलापूर्वीच्या गावगाड्यात पोलिस म्हणून वेगळे खाते नव्हते. पाटील हा गावचा मुख्य, कुळकर्णी त्याचा लेखक, चौगुला त्याचा मदतनीस. आणि प्रत्यक्ष पहाऱ्याचा भार गावच्या वेशीवर बसणाऱ्या येसकर महारावर, पुणे-सातारा भागात रामोशावर आणि खानदेशात भिल्ल जागल्यावर असे. गावात नवखा माणूस आला तर तो कोठून आला, कोणाकडे उतरला, रात्री कोण घराबाहेर पडले, याची खबर या पहारेकऱ्याला असावयाची, कारण त्याचे सारे आयुष्यच त्या शिवारात गेलेले असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दक्षिणचा कमिशनर म्हणून कारभार हाती घेतलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी पुढच्याच वर्षी जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे जे वर्णन आहे ते आजही मननीय आहे. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा. आणि ज्या हद्दीतून माग पुढे निघत नसेल, तेथील लोकांनी चोर हजर करावा अथवा गेलेल्या मालाची भरपाई करावी, अशी ही रीत होती.

या रीतीतील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. पहारेकऱ्याने हलगर्जीपणा केला तर त्याची झळ त्याच्या गावाला आणि त्याच्या हक्काला लागत असे. ज्याच्या घरी चोरी झाली तो आणि ज्याने राखण करावयाची तो, हे दोघे एकाच चावडीपुढे उभे राहात. उत्तरदायित्वाची दिशा वर सरकारकडे होतीच, पण ती खाली गावाकडेही होती, आणि तेच या व्यवस्थेचे बळ होते.

तथापि या चित्राने मोहून जाऊन जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणे हा त्या गावगाड्याच्या तळाशी दबलेल्या माणसांवर अन्याय होईल. येसकराचे काम हे त्याने पत्करलेली नोकरी नव्हती. ते जन्माने गळ्यात पडलेले वतन होते. रात्री-अपरात्री कोणीही बोलवावे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवावे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावे, आणि त्याबद्दल खळ्यावर जे बलुते पदरात पडेल त्यात समाधान मानावे, अशी ती बांधिलकी होती. या वतनाने आपल्या समाजाचा स्वाभिमान आणि उद्यमशीलता दोन्ही खुंटवली, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, आणि तेथून तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. गावाने आपल्या पहारेकऱ्याला जाब विचारावा हे योग्य. परंतु पहारेकऱ्याने गावाला जाब विचारण्याची सोय ज्या व्यवस्थेत नाही, तिला न्यायाची व्यवस्था म्हणता येणार नाही. तसेच, ज्या गावाच्या दृष्टीने एखादी जात आधीच संशयित ठरलेली, त्या गावात माग कोणाच्या दारापर्यंत येऊन थांबत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

२

नगरांतील व्यवस्था निराळी होती. तेथे कोतवाल हा अधिकारी. आणि त्याच्या अखत्यारात केवळ चोर धरणे नव्हे, तर बाजारातील भाव आणि मापे, आल्यागेल्याची नोंद, बारीकसारीक तंट्यांचा निकाल, रात्रीची गस्त असा सारा नागरी कारभार येत असे. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरण्याची मनाई होती आणि गस्तवाले सापडेल त्याला अटकेत ठेवीत. परकीय प्रवाशांनीही या बंदोबस्ताची वाखाणणी केलेली आहे.

परंतु याच पुण्याने कोतवालीचे दुसरे रूपही पाहिले. १७७७ पासून कोतवालपदावर असलेल्या घाशीरामाने १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मणांना पकडून अपुऱ्या जागेत कोंडले, त्यांतील अनेक जण गुदमरून मेले, आणि संतापलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. या घटनेवर पुढे नाटक झाले, तिच्यावर अनेक वाद झडले. मला तिच्यातून एकच गोष्ट येथे घ्यावयाची आहे. घाशीरामाची जबाबदारी होती ती त्याला नेमणाऱ्या कारभाऱ्यांपाशी. ज्यांच्यावर त्याचा अंमल चालत होता, त्या रहिवाशांना त्याच्याविरुद्ध दाद मागण्याचा नियमबद्ध मार्ग नव्हता. आणि असा मार्ग जेथे नसतो तेथे लोक एक तर वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात किंवा एके दिवशी हातात दगड घेतात. कोठडीतील मृत्यू आणि जमावाचा सूड या दोन्ही गोष्टी एकाच उणिवेची फळे होत, आणि अडीचशे वर्षांपूर्वी जी उणीव होती ती आज पूर्णपणे भरून निघाली आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

३

कंपनी सरकारने मुलूख घेतला तेव्हा एल्फिन्स्टनचा कल जुनी चौकट राखून कारभार करण्याकडे होता, आणि १८२७ च्या मुंबईच्या रेग्युलेशनांत पाटलाचे स्थान कायम ठेवण्यात आले. परंतु पाटील आता मॅजिस्ट्रेटचे अधिकार असलेल्या कलेक्टरच्या हुकमाचा ताबेदार झाला, आणि ज्यांच्या पहाऱ्यावर सारी मदार होती त्या रामोशांचे व भिल्लांचे हक्क कोठे बुडाले, कोठे कमी झाले. किल्ल्यांचा पहारा गेला, जमिनी गेल्या, आणि कालचा राखणदार आज सरकारच्या दप्तरात बंडखोर म्हणून नोंदला गेला. उमाजी नाईकाच्या उठावाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याला पकडणे जमेना तेव्हा सरकारने माफी देऊन त्यालाच बंदोबस्ताच्या कामी नेमले, आणि ते सूत जुळले नाही तेव्हा १८३२ मध्ये पुण्यास फाशी दिले. खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि दंगेखोर ठरलेल्यांच्याच हाती शिस्तीची बंदूक दिली. राखणदाराचा हक्क हिरावला की मुलखाची राखण बिघडते, हा धडा सरकारला मिळाला होता. परंतु त्यातून सरकारने जे अनुमान काढले ते गावाचा विश्वास संपादावा असे नसून, गावावर विसंबू नये असे होते.

याच सुमारास विलायतेत पोलिसांचे दोन आदर्श उभे राहिले. १८२९ मध्ये सर रॉबर्ट पीलने लंडनमध्ये जे दल स्थापिले, त्याची धारणा अशी होती की, शिपाई हा नागरिकांतलाच एक, निःशस्त्र, ठरलेल्या आळीतून पायी फिरणारा असावा, आणि त्याच्या यशाचे माप त्याने किती माणसे धरली हे नसून गुन्हे किती टळले हे असावे. आयर्लंडमध्ये मात्र इंग्रजांचे राज्य लोकांच्या संमतीवर उभे नव्हते. म्हणून तेथील दल सशस्त्र, बराकीत राहणारे, आणि थेट सरकारच्या मध्यवर्ती हुकमतीखालचे होते. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे जी पोलिस व्यवस्था उभारली तिचा नमुना लंडनचा नव्हता, आयर्लंडचा होता. दहा वर्षांच्या आत तोच कित्ता मुंबई इलाख्यात गिरवला जाऊन जिल्ह्याजिल्ह्याला पोलिस सुपरिंटेंडेंट आला. आणि १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानसाठी जो १८६१ चा पोलिस कायदा झाला, त्याचा पिंडही त्याच मातीचा होता. मुंबई इलाख्याने १८६७ मध्ये ग्रामपोलिसांचा व १८९० मध्ये जिल्हा पोलिसांचा कायदा स्वतंत्रपणे केला, तथापि दिशा बदलली नाही.

ही निवड अजाणता झालेली नव्हती. इंग्रजाला आपल्या घरी जो पोलिस हवा होता तो येथे नको होता, कारण आपल्या घरी तो नागरिक होता आणि येथे राज्यकर्ता. शिपाई ज्या गावचा त्या गावी त्याला शक्यतो नेमू नये, त्याने वस्तीत न राहता लाइनीत राहावे, त्याची बढती व बडतर्फी वरिष्ठांच्या मर्जीवर असावी, या नियमांचा एकत्रित परिणाम असा झाला की, जबाबदारीचे सारे दोर वरच्या दिशेने गेले आणि खालचा एकही शिल्लक राहिला नाही.

४

या व्यवस्थेवर तिच्या निर्मात्यांचाच विश्वास नव्हता, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे कलम घालावे लागले की, पोलिस अंमलदारापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. ज्या सरकारने हे दल उभारले त्यानेच कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवले की, या दलासमोर माणूस जे बोलतो ते त्याने स्वेच्छेने बोललेले असेल असे आम्ही धरून चालत नाही. ती तरतूद इंग्रज गेल्यावरही राहिली, आणि २०२४ मध्ये पुराव्याचा नवा कायदा लागू झाला तेव्हा त्यातही तिची जागा कायम राहिली. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२ मध्ये जे पोलिस कमिशन बसले, त्याने तर दल अकार्यक्षम आहे, लाचखाऊ आणि जुलमी म्हणून त्याची ख्याती आहे, व लोकांचा विश्वास मिळवण्यात ते सर्वस्वी अपयशी ठरले आहे, असा अभिप्राय नोंदवला. सरकारी कमिशनने सरकारी दलाविषयी याहून कठोर बोलणे क्वचितच आढळेल.

कोणी म्हणेल की हा दोष अंतराचा होता; शिपाई लोकांत मिसळता, त्यांची भाषा जाणता, तर असे झाले नसते. या आक्षेपाला मुंबई शहराच्या इतिहासात उत्तर आहे. १८५५ पासून तेथील पोलिसांचा प्रमुख असलेला चार्ल्स फोर्जेट हिंदुस्थानातच जन्मलेला होता, येथील भाषा तो सफाईने बोलत असे आणि वेष पालटून बाजारात बेमालूम हिंडत असे. शहराची नाडी त्याच्याइतकी कोणाला कळली असेल असे वाटत नाही. पण या ज्ञानाचा उपयोग काय झाला? १८५७ च्या ऑक्टोबरात त्याने शिपायांच्या गुप्त बैठकीवर कान ठेवून कट उघडकीस आणला आणि दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही कामगिरी अपूर्व होती. म्हणूनच त्याच्या नावाचा रस्ता मुंबईत झाला. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, लोकांना ओळखणे आणि लोकांचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या ओळखीच्या पाठीशी उत्तरदायित्व नाही, ती ओळख म्हणजे निव्वळ टेहळणी होय.

या टेहळणीचे सर्वांत निष्ठुर रूप १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसले. पुढे १९११ च्या सुधारित कायद्यान्वये मुंबई इलाख्यातही तो अंमलात आला. सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. जन्मलेले मूल गुन्हेगार म्हणून नोंदले जाऊ लागले. कामास जाताना हजेरी, येताना हजेरी, पाहुणा म्हणून परगावी जावयाचे तर परवाना. स्वातंत्र्य आले तरी या माणसांची सुटका १९५२ मध्ये झाली, आणि ती झाल्यावरही सराईत गुन्हेगारांच्या कायद्याच्या रूपाने संशयाची छाया मागे राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकवर्गाला आपल्याच राज्यातील एका समाजाला पोलिसाचे दर्शन कोणत्या रूपात घडते हे आतून कळले. एखाद्या गावी चोरी झाली की अमुक पालावर जाऊन माणसे उचलून आणावयाची, ही सवय कायदा रद्द झाल्याने जात नाही, कारण तिचे मूळ कायद्यापेक्षा खोल, दलाच्या आणि समाजाच्या संयुक्त समजुतीत असते.

५

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? १९५१ मध्ये मुंबई पोलिस कायदा करून जिल्ह्यांचे आणि शहराचे जुने कायदे एकत्र आणले. कारभाराच्या दृष्टीने ती मोठी सोय झाली. परंतु कलेक्टर आणि कमिशनर यांच्या वर गव्हर्नरच्या जागी लोकनियुक्त मंत्री आला, याहून नात्यात पालट झाला नाही. पूर्वी पोलिस परकीय सरकारचा होता, आता तो आपल्या सरकारचा झाला. आपला होणे अद्याप बाकी राहिले. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीची वतने गेली आणि १९६७ च्या ग्रामपोलिस कायद्याने नेमणुकीचा पोलिस पाटील आला, हे समतेच्या दृष्टीने निःसंशय पुढचे पाऊल होते. पण या पोलिस पाटलाने वर्दी द्यावयाची ती ठाण्याला, आणि त्याची नेमणूक व्हावयाची ती उपविभागीय अधिकाऱ्याकडून. गावाने त्याला काही विचारावे अशी तजवीज नाही.

या उणिवेची किंमत कोणी मोजली, याचे उदाहरण द्यावयाचे तर मला देसाईगंज येथील प्रकरणाचे स्मरण करावे लागेल. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर, जिला आपण मथुरा या नावाने ओळखतो, दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सेशन्स कोर्टाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्याचे एक कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की, रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसांपुढे एका गरीब मुलीने प्रतिकार केला नाही याचा अर्थ संमती कसा होतो. त्या पत्रातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले, आणि १९८३ मध्ये ताब्यातील स्त्रीवरील बलात्कारासंबंधी कायदा बदलला. ठाण्याच्या चार भिंतींत घडलेल्या कृत्याचा जाब रस्त्यावरून आणि विद्यापीठांतून विचारावा लागला, कारण ठाण्याच्या आसपास तो विचारण्याची जागाच नव्हती.

परंतु मी येथे दुसऱ्या बाजूचेही ऋण फेडले पाहिजे. शिपायाला आपण जितके बोल लावतो, तितका त्याच्या अवस्थेचा विचार करीत नाही. बारा-बारा, चौदा-चौदा तासांची पाळी, सणावाराला हमखास रद्द होणारी रजा, चाळीतल्या एका खोलीतला संसार, आणि वरिष्ठांच्या घरची कामे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांचा संताप उफाळून आला. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, पुढाऱ्यांना अटक झाली, शहरात दंगल झाली आणि बाहेरून सशस्त्र दले बोलवावी लागली. त्या उद्रेकाच्या रीतीचे समर्थन मी करणार नाही. परंतु ज्याला आपले गाऱ्हाणे मांडण्यास वाव नाही, तो दुसऱ्याचे गाऱ्हाणे आस्थेने ऐकेल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नाही. खालून येणारा आवाज दलाच्या आत ऐकला जात नसेल, तर दलाच्या बाहेरचाही ऐकला जाणार नाही. म्हणूनच २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा जो प्रयोग सुरू झाला, आणि जो एका शिपायाच्याच सूचनेतून निघाला होता, त्याला मी कोणत्याही नव्या शस्त्रखरेदीहून अधिक मोलाचा मानतो.

६

आता मी त्या प्रयत्नाकडे वळतो की ज्याने आशेला खरा आधार दिला. भिवंडी हे यंत्रमागांचे, दाट वस्तीचे, हिंदू-मुसलमान दोघांचेही गाव. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेले. १९८८ मध्ये तेथे उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची योजना आखली. शांतता समित्या पूर्वीही होत्या. परंतु त्यांत पुढारी, व्यापारी, प्रतिष्ठित मंडळी यांचाच भरणा असे आणि सण आला की त्यांची बैठक भरून चहापानानंतर विसर्जित होई. खोपड्यांच्या समित्यांत मागावर काम करणारा मजूर, रिक्षावाला, छोटा दुकानदार अशी माणसे दोन्ही समाजांतून घेतली गेली, आणि त्यांच्याशी नाते जोडण्याचे काम फौजदारावर व बीटच्या शिपायावर सोपवले गेले. नळाचे भांडण, गटाराची तक्रार, नवराबायकोची कुरबुर अशा किरकोळ प्रसंगी माणसे एकमेकांस भेटू लागली, आणि त्या भेटींतून शिपायाला मोहल्ला व मोहल्ल्याला शिपाई माणूस म्हणून कळू लागला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली, आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पुढे पोलिसांवर पक्षपाताचा ठपका ठेवला; त्याच दिवसांत भिवंडी शांत राहिली. त्यापासून धडा घेऊन १९९४ मध्ये मुंबईत सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, आणि मोहल्ल्यांतील तरुण पोलिसांबरोबर क्रिकेटच्या मैदानावर उतरले.

ही कथा येथे थांबवली असती तर ती ऐकावयास गोड वाटली असती. पण सत्य पुढे आहे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत, कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाणे बांधण्याच्या वादातून दंगल उसळली. गोळीबारात नागरिक दगावले आणि जमावाने दोन पोलिसांचे प्राण घेतले. ज्या नगराने १९९२ मध्ये देशाला आदर्श घालून दिला, त्याच नगरात चौदा वर्षांनी असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण भिवंडीच्या माणसांत शोधणे चूक आहे. समित्या एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या निष्ठेवर उभ्या होत्या; त्या कायद्याने बंधनकारक नव्हत्या. अधिकारी बदलून गेला की ती जवळीक त्याच्यामागे विरत गेली, कारण नव्या अधिकाऱ्याने समिती बोलावली नाही तर त्याबद्दल मोहल्ल्याला त्याला काही विचारता येत नव्हते. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचेही याहून फार निराळे झाले नाही. गावोगाव समित्या झाल्या, तंटे सामोपचाराने मिटू लागले, पारितोषिके मिळाली. परंतु जे काम पारितोषिकाच्या आणि मंत्र्याच्या उत्साहावर चालते ते उत्साह ओसरल्यावर मंदावते. दानात मिळालेली जवळीक दाता गेला की जाते. हक्काने मिळालेले उत्तरदायित्व अधिकारी बदलला तरी राहते.

७

तेव्हा कर्तव्य काय? १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलिस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते बहुतांशी दप्तरांत पडून राहिले. कोठडीतील मृत्यूंच्या संदर्भात १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याने नावाची पट्टी लावावी, अटकेचा जाबता साक्षीदारासमक्ष करावा, नातलगाला कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात त्याच न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की, पोलिसांना राजकीय दडपणापासून दूर ठेवणारे सुरक्षा आयोग नेमावेत, वरिष्ठांना निश्चित मुदत द्यावी, तपास आणि बंदोबस्त यांची कामे वेगळी करावीत, व पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे स्थापावीत. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि तरतूद कायद्यात असणे वेगळे, आणि गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला, सोलापूरच्या एखाद्या वस्तीतल्या पोराला किंवा ज्याचा मुलगा चौकशीसाठी नेला तो परत आला नाही अशा बापाला, ती आपल्यासाठी आहे हे ठाऊक असणे वेगळे.

माझे सांगणे म्हणून तीन गोष्टींत सामावते. पहिली, तक्रार प्राधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी, लोकांच्या भाषेत, वकिलावाचून दाद मागता येईल असे चालले पाहिजे, आणि त्याच्या निष्कर्षांचा वार्षिक अहवाल लोकांपुढे आला पाहिजे. दुसरी, मोहल्ला समिती किंवा ग्रामसमिती यांना कायद्याने स्थान मिळून, ठाण्याच्या अंमलदाराने ठरावीक मुदतीने त्यांच्यापुढे येऊन आपल्या हद्दीतील कामाचा हिशेब सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरले पाहिजे. आणि या समित्यांत स्त्रिया, भटके-विमुक्त, दलित आणि अल्पसंख्य यांना हक्काची जागा हवी, नाहीतर जुन्या चावडीचा दोष नव्या नावाने परत येईल. तिसरी, शिपायाला पाळीचे तास, राहण्यास माणसाचे घर, आणि आपले गाऱ्हाणे निर्भयपणे मांडण्याची वाट मिळाली पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एक दिली आणि दोन राखून ठेवल्या, तर ती एकही टिकणार नाही.

सुहृदहो, पोलिस सुधारावा असे म्हणणे सोपे आहे. पण बीटचा शिपाई कोण, आपल्या हद्दीच्या ठाण्याचा अंमलदार कोण, कायद्याने आपल्याला कोणकोणते प्रश्न विचारता येतात, याची माहिती आपल्यापैकी बहुतेकांना नसते. एखाद्या पालावरची माणसे विनाकारण उचलली गेली की आपण स्वस्थ बसतो, आणि आपल्या घरी चोरी झाली की त्याच पालाकडे बोट दाखवतो. हेही या इतिहासाचे आपल्या वाट्याला आलेले दायित्व आहे. १८६१ मध्ये ज्या प्रजेला विचारून हे दल बनले नव्हते, ती प्रजा आज सार्वभौम आहे, आणि सार्वभौम प्रजेला जाब विचारण्याचा जसा अधिकार आहे तसेच तो सर्वांसाठी सारखा विचारण्याचे कर्तव्यही आहे. येत्या आठवड्यात आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या ठाण्यात जावे, तेथे स्थानिक समिती आहे काय हे विचारावे, नसेल तर लेखी अर्ज द्यावा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.